काकांची डावी बाजू

नवीन माणूस क्लासला आलं की मी आधी त्याची नखं बघते. वाढलेली असतील तर पहिला दिवस बाजूला उभं राहून नुसतं बघायला सांगते आणि दुसऱ्या दिवशी कापून या म्हणते. काळा ड्रेस लगेच शिवू नका, महिनाभर साध्या कपड्यांत या. भरल्या पोटी येऊ नका. चार दिवसांत जे शिकाल ते घरी कुणाला शिकवू नका. एवढं सांगून झालं की माझ्याजवळचं सांगण्यासारखं जवळपास संपतं. बाकीचं जे आहे ते मला पहिल्या दीड वर्षात कळलं, आणि ते कळण्यात एका माणसाला माझ्या हातून दुखापत झाली. ते दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी हिंगोलीत एका खासगी लॅबमध्ये काम करते. सकाळी साडेसातपासून लोकांची रक्तं घ्यायची, नंतर मशीनवर आणि सूक्ष्मदर्शकावर बसायचं. दहा-अकरा वर्षं मान खाली घालून बसल्यावर उजवा खांदा धरला. हात वर केला की कळ यायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायाम करा म्हणाले. मी छत्तीस वर्षांची होते, लग्न केलेलं नव्हतं, घरात मी आणि आई दोघीच. जिममध्ये जायला संकोच वाटत होता. घर आणि लॅब यांच्या मधल्या रस्त्यावर, हळदीच्या मार्केटच्या मागे, पत्र्याचं एक रिकामं गोदाम आहे. तिथे सकाळी सहा ते सात कुंग फूचा क्लास चालतो असं मी येता-जाता पाहिलं होतं. वेळ जमत होती, वाट तीच होती. गेले त्यामागे याहून मोठं कारण नव्हतं.

शिकवणाऱ्या सरांचं गावात मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्यांच्याकडे आणतात आणि ते जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरून देतात. तरुणपणी ते हैदराबादला याच कामावर होते. तिथे एका म्हाताऱ्या गुरूंकडे नऊ वर्षं विंग चुन शिकले, आणि वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा हिंगोलीला परत आले. विंग चुन ही चीनच्या दक्षिणेकडची जुनी शैली. तिच्यात उड्या नाहीत, उंच लाथा नाहीत. दोन माणसं हातभर अंतरावर समोरासमोर उभी राहतात, आणि जे काही होतं ते कोपर आणि मनगट यांच्यात होतं. हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की लाथा मारायला शिकवतील.

पहिल्या दिवशी सरांनी फक्त उभं केलं.

"पाय जवळ. आता पंजे बाहेर, फिर टाचा बाहेर. गुडघे आत. दोन्ही गुडघ्यांच्या मधी शेळी पकडलीये, असं समजा. सुटली न्हाई पाहिजे."

माझ्या शेजारी पांढरा पायजमा आणि बंडी घातलेले एक वयस्कर गृहस्थ तसेच उभे होते. शाळेतली पंधरा-वीस पोरं पुढच्या रांगांत होती आणि मागच्या रांगेत आम्ही दोघंच मोठी माणसं. ते सरांना म्हणाले, "उस्ताद, शेळी अशी कुणी धरत न्हाई. मानेला धरतात."

"चीनमधी अशी धरत असतील, चाचा."

"मग निसटत असंल."

पोरं हसली. सरही हसले, पण त्यांनी आम्हाला सोडलं नाही. दहा मिनिटांनी माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. त्या गृहस्थांच्या मांड्या थरथरत नव्हत्या. ते समोरच्या पत्र्याकडे बघत शांत उभे होते.

त्यांना मी काका म्हणायला लागले. अठ्ठावन्न वर्षांचे होते. मार्केटमध्ये मापाडी होते, म्हणजे काट्यावर पोतं ठेवलं की वजन वाचून मोठ्याने सांगायचं आणि लिहून घ्यायचं. त्याआधी वीस-बावीस वर्षं त्यांनी हमाली केली होती. कंबर गेली म्हणून काट्यावर आले, आणि दिवसभर बसून अंग आखडलं. भावाच्या शेतातली मोटार भरायला टाकली होती म्हणून ते सरांच्या दुकानात गेले. तारेवरचं वॉर्निश वाळेपर्यंत सर दुकानाच्या मागे तसेच गुडघे आत घेऊन उभे होते. "असे काहून उभे राहिले?" काकांनी विचारलं. सर म्हणाले, "उभं राहून बघा." काका उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोदामात हजर. माझ्या तीन दिवस आधीची ही गोष्ट. त्यामुळे काका मला तीन दिवस सीनियर होते, आणि ते हे अधूनमधून सांगायचे.

दुसऱ्या दिवशी मी कठड्याला धरून जिना उतरत होते, तेव्हा आईने पाहिलं.

"काहून गं, पाय मुरगळला का?"

"क्लासला जायला लागले."

"कशाच्या?"

"कुंग फूच्या."

"ते काय असतं?"

"कुणी मारलं तर कसं अडवायचं ते."

आईने विचारलं, "तुला कोण मारून राहिलं?"

मी उरलेला जिना उतरले. तिने परत विचारलंही नाही. मात्र त्या दिवसापासून सकाळी साडेपाचला चहा ठेवायला लागली.

पहिले दोन महिने उभं राहण्यात आणि पहिल्या फॉर्ममध्ये गेले. फॉर्म म्हणजे ठरलेल्या हालचालींची एक माळ. ही पहिली माळ जागचं न हलता करायची असते. तिचा सुरुवातीचा भाग इतका सावकाश करायचा की तळहात छातीपासून पुढे जायला मिनिट लागावं. पोरं कंटाळायची. त्यांना सर मधेच पळायला लावायचे, आम्हाला लावायचे नाहीत. मी सहाव्या आठवड्यात काळा ड्रेस शिवला. आठव्या आठवड्यात मोबाईलवर व्हिडिओ बघून दुसरा फॉर्म पाठ करायला लागले, कारण लॅबमध्ये मी कुठलीही गोष्ट एकदा बघून शिकत आले होते आणि मला त्याचा अभिमान होता. आरशासमोर उभी राहून मी तो बसवला. एके दिवशी क्लास सुटल्यावर सरांना म्हटलं, "एक दाखवू?" आणि पूर्ण करून दाखवला.

सरांनी शेवटपर्यंत पाहिलं. "मेहनत केली तुमी," ते म्हणाले. "आता हे विसरायचं. कोपर सगळीकडे बाहेर गेलंय. विसरायला जास्ती टाइम लागतो, बघा."

तसंच झालं. नंतर खरोखर दुसरा फॉर्म शिकायची वेळ आली, तेव्हा माझं कोपर सवयीने बाहेर जायचं. सर दोन बोटांनी ते आत ढकलायचे, परत परत, कित्येक महिने. व्हिडिओबद्दल नवीन लोकांना मी सांगते, पण ते घरी जाऊन बघतातच. मीही ऐकलं नसतं.

चौथ्या महिन्यात जोडीने सराव सुरू झाला. पोरांच्या जोड्या पोरांशी लागल्या आणि मागच्या रांगेत काका आणि मी. सराव साधा होता. एकाने ठोसा द्यायचा, दुसऱ्याने तळहाताने तो बाजूला सारायचा. एकदा उजवा, एकदा डावा. ठोसा समोरच्याच्या चेहऱ्यापासून चार बोटं अलीकडे थांबला पाहिजे, आणि वेग हळू.

काकांना ते जमत नव्हतं. म्हणजे अर्धं जमत होतं. माझ्या डाव्या हाताचा ठोसा ते व्यवस्थित सारायचे, तळहात मऊ आणि बरोबर वेळेला. उजव्या हाताचा ठोसा मात्र त्यांच्या डाव्या बाजूने यायचा, आणि तिथे ते चुकायचे. कधी हात उशिरा उचलायचे, कधी मुळीच नाही. कधी मी ठोसा द्यायच्या आधीच हवेत हात फिरवायचे. मान थोडी डावीकडे वळवून उभे राहायचे, तर सर म्हणायचे, "चाचा, समोर बघा," आणि काका मान सरळ करायचे, पण दोन मिनिटांत ती परत वळायची.

मला राग यायला लागला. मी लॅबला जायच्या आधीचा एक तास काढून येत होते आणि त्यातली वीस मिनिटं अशी जात होती. समोरच्या रांगेत सातवी-आठवीतली पोरं भराभर पुढे चालली होती. मी सरांना दुकानात जाऊन भेटले. ते लाकडी साच्यावर तार गुंडाळत होते आणि तोंडातल्या तोंडात वेढे मोजत होते. वेढा चुकू नये म्हणून मी थांबले. मोजून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"सर, माझी जोडी बदलता येईल का?"

"काहून?"

"काकांना जमत न्हाई. माझा सराव होत न्हाई."

"तुमचा सराव काय आहे?"

"ठोसा द्यायचा."

"मग तो तर होऊन राहिला. अडवायचा सराव त्यांचा आहे." त्यांनी साचा फिरवला. "कुणाशी बदलू? पोरांशी? लागंल त्यांना."

मी परत आले. सरांचं म्हणणं बरोबर होतं, पण ते मला पटलं नव्हतं. आता वाटतं, त्यांनी एकदा येऊन काकांकडे नीट बघायला हवं होतं. बघायला तर मीही हवं होतं. मी रोज त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभी राहत होते.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी काका लागोपाठ चार वेळा चुकले. चौथ्या वेळी ते हसले आणि म्हणाले, "म्हातारं माणूस हाये, ताई. चालायचंच." त्यांचं ते हसणं मला सहन झालं नाही. आपल्या चुकीचं यांना काहीच वाटत नाही असं मला वाटलं. पाचवा ठोसा मी जोरात दिला. घसरला, वेळ चुकली असं काहीही नव्हतं. मी ठरवून दिला. एकदा लागल्याशिवाय यांना अडवायचं सुचणार नाही, असा विचार तेव्हा माझ्या मनात स्पष्ट शब्दांत होता.

त्यांचा हात जागचा हलला नाही. डोळाही मिटला नाही. माझी मूठ त्यांच्या डाव्या भुवईवर बसली आणि कातडं फाटलं.

भुवईतून रक्त फार येतं. पोरं थांबली. मी रुमाल दाबून धरला, त्यांना खाली बसवलं, डोकं वर धरायला सांगितलं. हे सगळं माझ्या रोजच्या कामातलं होतं. काका म्हणत होते, "काही न्हाई, ताई. काही न्हाई. पोतं उचलायच्या आकड्यानं याच्याहून जास्ती लागलेलं हाये."

सर जवळ येऊन बसले. रुमाल उचलून जखम बघितली आणि परत दाबली. मग मला विचारलं, "किती जोरात मारायचं ठरलं होतं?"

"हळू."

"मग?"

मी खाली सांडलेलं रक्त पुसायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. काकांना मोटारसायकलवर मागे बसवून ते दवाखान्यात घेऊन गेले. दोन टाके पडले हे मला संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले नाही. तिसऱ्याही नाही. आई साडेपाचला चहा ठेवायची आणि मी तो पिऊन गादीवर बसून राहायची. चार दिवसांनी तिने विचारलं, "सोडला का क्लास?" मी म्हटलं, खांदा दुखतो. खरं तर खांदा त्या वेळेपर्यंत पुष्कळ बरा झाला होता. काकांच्या घरी जाऊन यावं असं रोज वाटायचं. घर कुठे आहे ते ठाऊक होतं, लॅबपासून दहा मिनिटांची वाट. मी गेले नाही. गेले असते तर ठरवून मारलं हे सांगावं लागलं असतं, आणि न सांगता नुसतं कसं आहे विचारून येणं मला जमलं नसतं.

तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी लॅबमध्ये पहिल्या पाच-सहा पेशंटांत काका बसलेले दिसले. सोबत काकू होत्या. भुवईवर टाक्यांची बारीक गुलाबी रेघ होती. ते उपाशीपोटी आले होते आणि हातात नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. ऑपरेशनच्या आधी करायच्या तपासण्या तिच्यावर लिहिलेल्या होत्या.

मी दंडाला पट्टी बांधली. "कशाचं ऑपरेशन, काका?"

"काचबिंदू म्हणतात. भुवई शिवताना डॉक्टरनं बॅटरी मारली डोळ्यात. म्हणाला, इकडचं दिसतं का? मी म्हणलं, न्हाई. म्हणाला, कधीपासून? मी म्हणलं, झालं असंल वर्ष-दीड वर्ष. लई बोलला मला. मग नांदेडला धाडलं."

"डावा डोळा?"

"डावा गेला म्हणतात. तो काही परत येत न्हाई. उजव्याला सुरुवात झाली. तो वाचवायला हे करून राहिले."

मी शीर शोधत होते. हमाली केलेल्या माणसाची शीर ठसठशीत असते, शोधावी लागत नाही, तरी मी शोधत राहिले. मग सुई घातली आणि नळी भरत असताना विचारलं, "काका, सांगितलं काहून न्हाई?"

"कुणाला सांगू? काट्यावर बसणारा माणूस, आणि एका डोळ्यानं आंधळा म्हणलं की उद्या दुसरा बसंल तिथं. एका डोळ्यानं आकडा दिसत होता. चाललं होतं."

"मला सांगायचं. सरांना सांगायचं."

"तुमाला वाटलं असतं म्हातारा कारणं सांगून राहिला."

काकू शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्या म्हणाल्या, "मला बी न्हाई सांगितलं. ताट डावीकडं ठेवलं की भांडायचे, इकडं काहून ठेवलं म्हणून. मला काय माहीत."

मी कापूस दाबला, हात दुमडायला सांगितला. बाहेर अजून लोक बसले होते. तरी मी म्हणाले, "काका, त्या दिवशी चुकून न्हाई लागलं. मी जोरात मारलं. मला राग आला होता."

"माहीत हाये," ते म्हणाले. "हातावरून कळतं की. चुकून लागलेला हात लगेच मागं जातो. तुमचा थांबला होता."

मग ते म्हणाले, "पण तुमी मारलं म्हणून तर बॅटरी मारली डॉक्टरनं. न्हाई तर दोन्ही गेले असते."

हे वाक्य नंतर पुष्कळ लोकांनी मला ऐकवलं. आईने, काकूंनी, एकदा सरांनीही. त्यात सगळ्यांना बरं वाटण्यासारखं काहीतरी आहे हे मला दिसतं. मी ते कधी घेतलं नाही. मी त्यांना मारलं तेव्हा त्यांच्या डोळ्याचा विचार माझ्या मनात नव्हता. डॉक्टर चौकस होता, याचं श्रेय त्याला. माझ्या वाट्याला जे येतं ते एवढंच की चार महिने एक माणूस माझ्या शेजारी आणि समोर एका बाजूने आंधळा उभा होता आणि मी त्याला मठ्ठ समजत होते. दिवसभर काचेखाली पेशी मोजून त्यातली वेगळी कोणती ते ओळखणं हे माझं काम.

त्यांचा रिपोर्ट मी स्वतः दोनदा तपासला. साखर थोडी वाढलेली होती, तेही त्यांना माहीत नव्हतं.

ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याची नजर होती तेवढी राहिली. डॉक्टरांनी वजन उचलायला आणि खाली वाकायला काही महिने मनाई केली. काट्यावरची जागा गेली. मार्केटमधल्या लोकांनी त्यांना तिथल्याच एका गोदामाच्या दारावर आवक-जावक बघायला बसवलं, पण ते त्यांना आवडलं नाही. मी क्लासला परत जायला लागले होते. सरांनी काही विचारलं नाही. मागच्या रांगेत माझ्या शेजारची जागा मोकळी होती. मी उभी राहायची, फॉर्म करायची आणि जोडीच्या वेळेला एकटी राहायची.

तीन-साडेतीन महिन्यांनी काका आले. तोच पायजमा, तीच बंडी, आणि डोळ्यांवर गडद चष्मा. त्यांनी दारात थांबून सरांना विचारलं, "उस्ताद, एका डोळ्याच्या माणसाला जागा हाये का?"

सरांनी त्यांना आधी पाणी दिलं. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं विचारून घेतलं. धक्का लागायचा नाही, वाकायचं नाही, डोक्याच्या आसपास कुणाचा हात जायचा नाही. मग त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं आणि काकांचं उजवं मनगट माझ्या उजव्या मनगटावर टेकवलं.

"हे असंच ठेवायचं. सोडायचं न्हाई. ढकलायचं पण न्हाई. एक जण पुढं येईल, दुसरा त्याला वाट देईल आणि परत जागेवर येईल. हात छातीच्या वर न्यायचा न्हाई. आईस्ता."

या सरावात हात एकमेकांना चिकटलेले राहतात. समोरच्याचा हात कुठे चाललाय ते कातडीवरून ओळखायचं असतं. हा भाग पहिल्या वर्षात सहसा देत नाहीत. आम्हाला दिला, कारण दुसरं काही देण्यासारखं नव्हतं.

मला वाटत होतं की मी काकांना सांभाळून घेईन. पहिल्याच सकाळी उलटं झालं. मी हात पुढे नेला की त्यांचा हात आधीच बाजूला झालेला असायचा, आणि माझा हात मोकळ्या जागेत जाऊन पडायचा. लगेच त्यांचं मनगट माझ्या कोपराच्या आत. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच.

"काका, तुमाला कसं कळतं?"

"ताई, तुमी भार टाकून राहिल्या. पुढं यायच्या आधी भार टाकता. पाव किलो असंल, पण टाकता. चाळीस वर्षं तेच केलं ना मी. पोतं पाठीवर आलं की काट्याच्या आधी कळायचं, किती भरंल."

सर बाजूला उभे होते. ते म्हणाले, "चाचा, डोळे बंद करा बरं." मग मलाही म्हणाले, "तुमी पण." आम्ही दोघांनी डोळे मिटले. काकांमध्ये काहीच फरक पडला नाही. मी मात्र गोंधळले, पाय सुटले, आणि सरांनी मला गुडघे आत घ्यायची आठवण करून दिली.

त्यानंतर वर्षभर काका माझे जोडीदार होते. मी त्यांच्याकडून भार काढून घ्यायला शिकले, पूर्ण नाही, पण पुष्कळसा. खांद्याची तक्रार कधी बंद झाली ते माझ्या लक्षातही आलं नाही. रक्त घेताना माझा हात हलका झालाय असं दोन-तीन नेहमीच्या पेशंटांनी सांगितलं. ते या सरावामुळे असेल किंवा नसेल. मला खात्री नाही, म्हणून नवीन लोकांना मी हे सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी काकांनी हिंगोली सोडली. मुलाने जवळा बाजारला औषध-बियाण्यांच्या दुकानात नोकरी धरली होती, तो आई-वडिलांना घेऊन गेला. निघायच्या आदल्या दिवशी काका क्लासला आले. नेहमीसारखा तासभर सराव केला. पोरांना त्यांनी जवळ बोलावून एकेक लिमलेटची गोळी वाटली. मला म्हणाले, "येत जा तिकडं." मी हो म्हटलं. असं बोलून माणसं जात नाहीत हे मला माहीत होतं, पण मी गेले. माझं गाव सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडे आहे. तिथे मामा असतो, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा आईला घेऊन जावं लागतं. जाताना जवळा बाजारला उतरायचं ठरवून टाकलं.

सहा महिन्यांपूर्वी सरांनी नवीन लोकांची रांग माझ्याकडे दिली. दुकानात काम वाढलंय आणि त्यांचाही एक गुडघा बोलायला लागलाय. पहिल्या सकाळी माझ्यापुढे नऊ जण उभे होते. दोन कॉलेजच्या पोरी, बँकेतले एक साहेब, बाकी शाळेतली मुलं. त्या रविवारी आई आणि मी गावाला निघालो तेव्हा वाटेत जवळा बाजारला उतरून मी काकांना हे सांगितलं.

बाजाराचा दिवस होता, काकू भाजी घ्यायला गेल्या होत्या. आई ओसरीवर पंख्याखाली बसली. काका आणि मी अंगणात लिंबाच्या सावलीत मनगटाला मनगट लावून उभे होतो. त्यांचा उजवा डोळा आता आणखी थोडा मंद झालाय. औषधाचे थेंब ते वेळेवर घालतात, सूनबाई मोबाईलवर गजर लावून ठेवते. तरी अंगणातून ते जपून पाय टाकतात. हात मात्र तसाच आहे.

"काय शिकवलं मग पहिल्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"उभं केलं. नखं बघितली. जेवून येऊ नका म्हटलं."

"आणि?"

"आणि ठोसा ठरल्यापेक्षा जोरात द्यायचा न्हाई. राग आला तर थांबून पाणी प्यायचं."

"बराबर हाये." त्यांचा हात माझ्या हाताबरोबर पुढे आला आणि मागे गेला. "अजून एक सांगा. कुणाला दिसत नसंल, ऐकू येत नसंल, कंबर धरली असंल, तर पहिल्याच दिवशी सांगायचं. लपवायचं न्हाई."

"सांगते. पण लोक सांगत न्हाईत, काका."

"व्हय. मी तरी कुठं सांगितलं. मग तुमीच विचारा. एकेकाला बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांपुढं न्हाई सांगणार कुणी."

आई ओसरीवरून म्हणाली, "किती वेळ हात धरून उभे राहणार दोघं? चहा पिऊन घ्या, गाडी यायची वेळ झाली."

आम्ही हात सोडले. काकू बाजारातून आल्या होत्या, त्यांनी आईच्या पिशवीत मेथीची जुडी आणि वांगी घातली. सोमवारी सकाळी मी नऊही जणांना एकेक करून गोदामाबाहेर बोलावलं आणि विचारलं. आठ जणांनी काही नाही म्हणून सांगितलं. बँकेतल्या साहेबांनी आधी मागे वळून आतलं कुणी ऐकतंय का ते पाहिलं. मग म्हणाले, उजव्या कानाने कमी ऐकू येतं, ऑफिसात कुणाला माहीत नाही. मी त्यांना रांगेच्या उजव्या टोकाला उभं केलं, म्हणजे सगळा वर्ग त्यांच्या डाव्या कानाकडे आला.